भाड्याच्या खोलीत सायकलला जागा नाही? मग ती बाहेरच नीट ठेवा

लातूरला औसा रोडवर क्लाससाठी, नांदेडला विष्णुपुरीत विद्यापीठासाठी किंवा वाळूज एमआयडीसीत कामासाठी आलेल्या माणसाला खोली मिळते ती साधारण दहा बाय दहाची. दोन कॉट, एक टेबल आणि कोपऱ्यात गॅस ठेवला की पाय ठेवायला जागा उरत नाही. सायकल आत येणार कुठून? घरमालक म्हणतात, "खाली लावा की, कोण नेतंय!" मग ती गेटजवळ, मागच्या चाकाचं कुलूप लावून, उन्हापावसात उभी राहते. चोरीला गेली नाही तरी वर्षभरात चैन गंजते, सीट फाटते आणि टायरला भेगा पडतात.

हे टाळता येतं, आणि त्याला फार खर्चही लागत नाही. क्रम मात्र पाळावा लागतो. आधी जागा, मग सायकल बांधायचा खुंटा, मग कुलूप आणि सगळ्यात शेवटी छप्पर. बहुतेक जण उलटं करतात. आधी कव्हर आणतात, मग स्वस्तातलं कुलूप, आणि सायकल कशाला बांधायची हा विचार शेवटपर्यंत होतच नाही.

पायरी १ : डिपॉझिट देण्याआधी जागा बघा

खोली बघायला जाल तेव्हाच विचारा. "काका, सायकल कुठं लावू? रात्री गेटला कुलूप लागतं का? किती वाजता? एक किल्ली आम्हाला मिळेल का?" एवढे प्रश्न पुरेत. डिपॉझिट दिल्यावर हेच विचारलं तर उत्तर बदललेलं असतं, म्हणून आधी विचारा. मग स्वतः खाली उतरून जागा बघा.

जिन्याखालची जागा सगळ्यांना आधी सुचते. पण आपल्याकडे जिन्याखाली बहुधा पाण्याचा हौद आणि मोटार असते. नळाला पाणी येतं त्या दिवशी हौद भरून वाहतो, टँकरचा पाइप तिथंच टाकला जातो, आणि झाकणाच्या फटीतून बारा महिने ओल वर येते. भिंतीकडे नीट बघा. गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत प्लास्टर फुगलेलं असेल, पांढरी खारी फुललेली असेल, तर तिथं लोखंड टिकणार नाही. हौद दुसरीकडे असेल आणि फरशी कोरडी असेल, तर मात्र जिन्याखालच्या जागेला तोड नाही.

इमारत आणि कंपाउंडच्या मधला बोळ रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून बरा वाटतो. तिथं वर बघा. खिडकीत कूलर बसवलेला असेल तर मार्च ते जून त्याचं पाणी खाली ठिबकतं. बोअरचं ते जड पाणी वाळलं की सायकलवर पांढरे डाग उरतात आणि त्या क्षारांनी गंज लवकर धरतो. बोळात दोन माणसांना एकमेकांना ओलांडता येत नसेल, तर सायकलही रोजच कुणाच्या तरी वाटेत येईल.

जुन्या वाड्यात खोली घेतली असेल तर ढाळज बघा. दारातून आत शिरल्यावर लागणारी ती छपराखालची जागा सायकलसाठी मला सगळ्यात चांगली वाटते. ऊन नाही, पाऊस नाही, हवा खेळती, आणि रात्री दार लागलं की बाहेरच्याला आत वाट नाही. मालक बाहेरगावी राहत असतील तर तिथं भंगार साठलेलं असतं. "मामा, आम्ही आवरून देतो, एका कडेला सायकल राहू द्या," असं म्हटलं तर सहसा नकार येत नाही.

सिडकोच्या घरांना पुढं छोटं अंगण आणि पोर्च असतो. पाऊस अडतो, पण रस्त्यावरून सायकल दिसते. तिथं खुंटा मजबूत हवा. गच्चीवर चोराची भीती कमी, पण ऊन सरळ डोक्यावर. त्यातल्या त्यात जिना जिथं गच्चीवर उघडतो, त्या छोट्या छताखाली सायकल ठेवता येते. रोज तीन मजले सायकल उचलणं जमणार असेल तरच तो मार्ग धरा, नाहीतर महिन्याभरात ती पुन्हा खाली गेटजवळ दिसेल.

एमआयडीसीकडे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा असतात आणि पुढं सगळ्यांचं मिळून एकच मोकळं पटांगण. तिथं चार-पाच सायकलवाल्यांनी मिळून एकच खुंटा, एकच शेड करणं सगळ्यात स्वस्त पडतं. पुढं जे सांगतो ते सगळं अशा ठिकाणी वाटून करता येतं.

जिन्याच्या पायऱ्यांवर किंवा सगळ्यांच्या ये-जा करायच्या वाटेत सायकल लावू नका. रात्री आग लागली, कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तीच वाट लागते.

जागा ठरली की ती लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांच्या त्या करारात एक ओळ टाकायला सांगा : "भाडेकरूस तळमजल्यावर एक सायकल ठेवण्याची व त्यासाठी खांबास कडी बसवण्याची मुभा राहील." पुढं मालकाचा मुलगा नवी गाडी घेऊन आला आणि "तुमची सायकल बाहेर काढा" म्हणाला, तर बोलायला आधार राहतो.

पायरी २ : खुंटा

दावं कितीही मजबूत असलं तरी खुंटा नसेल तर जनावर दाव्यासकट जातं. सायकलचंही तसंच आहे. पंधरा-वीस किलोची सायकल एक माणूस कुलपासकट उचलून टेम्पोत टाकू शकतो. म्हणून ती इमारतीच्या न हलणाऱ्या भागाला बांधलेली हवी.

आधी जे आहे ते तपासा. खिडकीचं ग्रील दिसायला दणकट असतं, पण कित्येकदा ते बाहेरून चार स्क्रूंवर बसवलेलं असतं. स्क्रू दिसले तर त्यावर भरवसा नको. गज भिंतीत चिणलेले असतील तर चालेल. गेटला बांधणार असाल तर गेट हाताने वर उचलून बघा. बिजागरीतून निघत असेल तर सायकल गेटसकट मोकळी झालीच. पाण्याचा पीव्हीसी पाइप, आंब्याचं कोवळं झाड, तारेचं कुंपण, यांना बांधणं म्हणजे न बांधण्यासारखंच. विजेचा खांब, मीटरची पेटी, अर्थिंगची तार यांच्या जवळही सायकल नेऊ नका. पावसाळ्यात अशा लोखंडात करंट उतरतो आणि ओल्या हाताने कुलूप काढणाऱ्याचा जीव जातो.

योग्य असं काही सापडलं नाही तर कडी बसवून घ्या. मालकाची परवानगी आधी. कडी सिमेंट-काँक्रीटच्या खांबातच बसवावी. विटांच्या भिंतीत बसवली तर जोराच्या दोन हिसक्यांत ती प्लास्टरसह बाहेर येते. हॅमर ड्रिल असलेला इलेक्ट्रिशियन किंवा फॅब्रिकेशनवाला हे काम थोड्या वेळात करून देतो. त्याला दहा किंवा बारा मिलिमीटरचा अँकर बोल्ट आणि बंद गोल कडी आणायला सांगा. उघड्या हुकातून साखळी निघते. ड्रिल सळईला लागलं तर तिथं जोर न करता भोक थोडं बाजूला घ्यायचं. बोल्ट आवळल्यावर नटावर वेल्डिंगचा एक टाका मारून घ्या किंवा बाहेर आलेले आटे हातोडीने ठेचून घ्या, म्हणजे पान्याने नट फिरणार नाही. कडी गुडघ्याच्या वर असू द्या. साखळी जमिनीवर लोळत असली की कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून अंगाच्या सगळ्या भाराने ती तोडता येते. हवेत लोंबणाऱ्या साखळीला तसा जोर लावता येत नाही.

मालक भोक पाडू देत नसतील तर जड ठोकळा करा. भाडेकरूसाठी हा उपाय मला फार आवडतो, कारण खोली सोडताना तो बरोबर नेता येतो. किराणा दुकानात पंधरा लिटर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मिळतो. वरचं झाकण कापून घ्या. बारा मिलिमीटरची सळई वेल्डिंगवाल्याकडून इंग्रजी यू सारखी वाकवून आणा आणि तिची दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला फाकवा, म्हणजे ती उपसून निघणार नाही. एक माप सिमेंट, दोन मापं वाळू, चार मापं खडी. एका डब्याला साधारण पाच किलो सिमेंट पुरतं. सळईची टोकं खाली घालून वाकलेला भाग चार बोटं वर ठेवा आणि काँक्रीट ठासून भरा. डबा जिथं ठेवायचा आहे तिथंच भरा, कारण भरल्यावर तो पस्तीस किलोच्या वर जातो. पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारा. दोन धडधाकट माणसं हा ठोकळा सायकलसह उचलू शकतात, हे खरं. म्हणून तो गेटच्या आतच ठेवावा, रस्त्यावर नाही. पण एकट्याने येऊन पटकन सायकल पळवणाऱ्याला तो पुरून उरतो. दोघा-तिघांत करायचा असेल तर मोटारीचं जुनं टायर घेऊन त्यात काँक्रीट भरा. ते आणखी जड होतं आणि त्यात दोन-तीन कड्या बसतात.

पायरी ३ : कुलूप

मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप चाक फिरू देत नाही, एवढंच. दुकानापुढं दोन मिनिटं थांबायला ते ठीक आहे. प्लास्टिकचं आवरण घातलेली नंबरची केबल दिसायला जाड असते, पण आतली तार साध्या कटरने तुटते. रात्रभर बाहेर राहणाऱ्या सायकलला कडक पोलादाची साखळी घ्या, कडी किमान आठ मिलिमीटर जाडीची, किंवा चांगलं यू-लॉक घ्या. हार्डवेअरच्या दुकानात साखळी सुटी मापून मिळते, पण ती बहुधा मऊ लोखंडाची असते. ओळखायला कानस पुरे. मऊ लोखंडावर कानशीची रेघ उमटते, कडक पोलादावर ती घसरते. दुकानदाराला एखाद्या तुकड्यावर कानस फिरवून दाखवायला सांगा. कुलपाला किती पैसे घालावे? सायकलच्या किमतीचा दहावा हिस्सा तरी, असं माझं मत आहे.

लावताना साखळी आधी मागच्या चाकातून, मग फ्रेमच्या त्रिकोणातून, मग खुंट्याच्या कडीतून घ्या. नुसत्या पुढच्या चाकात अडकवली तर चाक तिथं राहतं आणि सायकल जाते. साखळीत सैल जागा जितकी कमी, तितकं बरं, कारण सैल जागेत पहार घालून पिळता येतं. किल्लीचं भोक खाली येईल असं कुलूप फिरवा, म्हणजे पाणी आणि धूळ आत जात नाही. कुलपात तेल घालू नका. उन्हाळ्यातली आपली बारीक धूळ तेलाला चिकटून आत चिखल होतो. शिसपेन्सिलीची पूड भोकात घाला, किल्ली दोन-चारदा फिरवा, कुलूप मोकळं होतं.

गिअरच्या सायकलींना पुढचं चाक आणि सीट दांडी फिरवून काढता येते. दुकानात ती दांडी बदलून साधा नटबोल्ट घालून घ्या. बॅटरीची सायकल असेल तर बॅटरी रोज काढून खोलीत न्या आणि उन्हातून आणल्यावर गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

पायरी ४ : पावसापासून, आणि त्याहून जास्त उन्हापासून

कोकणात सायकल पावसाने खराब होते. मराठवाड्यात ती आधी उन्हाने होते. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर. सीटचं रेक्झिन, हँडलच्या मुठी, ब्रेकच्या केबलचं आवरण, टायरच्या कडा, हे सगळं ऊन खातं. भरलेलं टायर उन्हात तापलं की आतल्या हवेचा दाब वाढतो. तीस अंशांवर हवा भरलेली असेल आणि उन्हात टायर साठ अंशांपर्यंत गेलं, तर दाब दहाएक टक्क्यांनी वर जातो. जुन्या पंक्चरचं ठिगळ अशाच दुपारी सुटतं. म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरा आणि सायकल दुपारी बारा ते चार कुठं उभी राहते ते बघा.

उन्हाला सगळ्यात सोपा उपाय कृषी सेवा केंद्रात मिळतो. रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट. पंचाहत्तर टक्के सावलीची घ्या आणि ग्रीलपासून कंपाउंडपर्यंत ताणून बांधा. वारा तिच्यातून जातो, म्हणून ती वळवाच्या वादळात फाटत नाही आणि खाली कोंदटही होत नाही.

पावसासाठी ताडपत्री लागते. ती सायकलवर शालीसारखी गुंडाळू नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. गुंडाळलेल्या ताडपत्रीत जमिनीची ओल अडकते, दिवसा तापते, रात्री गार होऊन आतून घामासारखी ठिबकते. पावसात भिजून वाऱ्याने वाळलेली सायकल अशा झाकलेल्या सायकलीपेक्षा कमी गंजते. ताडपत्री छपरासारखी बांधा : एक कड भिंतीवर उंच, दुसरी कंपाउंडवर खाली, उतार असा की पाणी मध्ये साठणार नाही. सायकल आणि ताडपत्रीत हातभर अंतर ठेवा. दोन बाजू उघड्याच असू द्या.

कुठल्या दोन? पावसाळ्यातला पाऊस बहुतेक पश्चिम आणि नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून ती बाजू बंद हवी. परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडत बऱ्याचदा पूर्वेकडून येतो, आणि मेमधल्या वळवाला तर दिशाच नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता पूर्वेला एक पडदा वरून सोडून ठेवा आणि पाऊस थांबला की गुंडाळून वर बांधा. तयार कव्हर वापरायचंच असेल तर ते जमिनीपासून वीतभर वर राहील असं बांधा आणि ओल्या सायकलवर कधीच घालू नका.

मालक पत्र्याचं शेड करू देत असतील तर आणखी चांगलं. अँगलचा सांगाडा, दोन पत्रे, मागे उतार. पत्रे जे-हुकने सांगाड्याला घट्ट बांधा. नुसते दगड ठेवून भागवू नका. वळवाच्या पहिल्या झोतात पत्रा उडतो आणि दगड शेजाऱ्याच्या डोक्यात पडतो. पत्रा तापतो, तेव्हा तो सायकलच्या वर किमान दोन-तीन फूट असावा.

जमिनीचंही बघा. काँक्रीटवर पाणी साचत असेल तर दोन विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा टाका आणि चाकं त्यावर ठेवा. घर नाल्याकाठी किंवा नदीजवळच्या सखल भागात असेल तर एवढं पुरणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या जिल्ह्यांत गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा ठिकाणी पावसाचा इशारा आला की सायकल वरच्या मजल्यावर न्यायची, मग वाट अडली तरी दोन दिवस शेजारी समजून घेतात.

पायरी ५ : थोडी देखभाल

पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने आलात तर मडगार्डखाली मातीचा गोळा बसतो. तो वाळून दगड होण्याआधी काडीने काढा, कारण ती माती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते आणि मडगार्ड आतून कुजतं. बादलीभर पाण्याने धुवा, पण सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा पाइप पायडलच्या एक्सलवर किंवा चाकाच्या मधल्या भागावर मारू नका. आतलं ग्रीस निघून जातं. धुतल्यावर फडक्याने पुसा. चैनला आठवड्यातून एकदा मशीन ऑइलचे थेंब, आणि जास्तीचं तेल लगेच पुसून टाका. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. सीटला पावसात प्लास्टिकची पिशवी घाला, सकाळी कपडे ओले होत नाहीत.

दिवाळीला किंवा परीक्षा संपल्यावर गावी जाताना

क्लासच्या भागात खोल्या एकदम रिकाम्या होतात, आणि तेव्हा सायकलींकडे बघायला कुणी नसतं. अशा वेळी मुळात सायकल बाहेर ठेवू नका. कॉटवरची गादी गुंडाळा, सायकलचं पुढचं चाक काढा आणि ती खोलीतच उभी करून कुलूप लावा. पंधरा दिवस खोलीत कुणी नसताना जागेची अडचण होत नाही. ते शक्य नसेल तर सीट काढून खोलीत ठेवा, टायरमध्ये हवा भरा म्हणजे वजनाने कडा चिरणार नाहीत, आणि काकूंना किंवा थांबलेल्या भाडेकरूला सांगून जा. जाताना सायकल खुंट्याला बांधलेल्या स्थितीत तिचा एक फोटो काढा.

आणि चोरी झालीच तर

याची तयारी सायकल घेतल्या दिवशीच करायची असते. सायकल उलटी करा. पायडलच्या एक्सलखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर दिसेल. त्याचा फोटो, बिलाचा फोटो आणि सायकलचा एका बाजूने पूर्ण फोटो स्वतःला आणि घरी पाठवून ठेवा. जुनी सायकल घेत असाल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर फ्रेम नंबर, किंमत, तारीख आणि सही घ्या.

चोरी लक्षात आली की ११२ वर कळवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. इथं बिलाचं महत्त्व कळतं : चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो आणि पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. गिअरची सायकल सहज त्यापेक्षा महाग असते, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. तक्रारीत फ्रेम नंबर लिहिला आहे ना, हे सही करण्याआधी वाचून घ्या आणि तक्रारीची प्रत मागा. ती मोफत मिळते. शेजारच्या दुकानात किंवा समोरच्या घराला कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन त्यांना विनंती करा, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

सायकल सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते आणि परत घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो जोडा.